पत्ता बरोबर होता

“पत्ता बरोबर असला की रस्ता कोणताही असो, पाठवलेली वस्तू पोचतेच. उशीर होईल, पाऊस लागेल, पाकीट फाटेल. पण पोचणार नाही, असं या पृथ्वीतलावर घडत नाही.”

हे उद्गार लिंबाजी सोनकांबळे यांनी नांदेडला आपल्या निवृत्तीच्या समारंभात, गळ्यात झेंडूचे दोन हार असताना काढले. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या टपाल डब्यात उभ्यानं पत्रं निवडली होती, तेव्हा त्यांना तो हक्क होता. टाळ्या झाल्या. संघटनेच्या सेक्रेटरीनं डोळे पुसले. मग मानपत्र वाचायची वेळ आली आणि कळलं, मानपत्र आलेलंच नाही. टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं ते पुण्याहून छापून घेतलं होतं, कुरिअरनं मागवलं होतं, आणि कुरिअरवाल्यानं ते नांदेडऐवजी नंदुरबारला नेलं होतं. सेक्रेटरीनं शेवटी कोऱ्या कागदाकडं बघत मनानंच चार ओळी म्हटल्या. त्यातल्या दोन आधीच्या महिन्यात निवृत्त झालेल्या माणसाच्या होत्या.

मानपत्र तीन आठवड्यांनी आलं. लिंबाजींनी ते काचेत बसवून दर्शनी भिंतीला लावलं आणि आल्यागेल्याला सांगितलं, “बघा. पोचलं का न्हाई?”

माणसाचा विश्वास असा पक्का असला की त्याला फार जपावं लागतं, आणि लिंबाजींनी तो जपला होता. पुढं काय झालं ते त्या विश्वासामुळंच झालं.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रीतम. वय सत्तावीस. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकला आणि लातूरला खोली करून राहिला, कारण तिथं नेट बरं होतं आणि मेस स्वस्त होती. परदेशातली एक कंपनी मोबाईलवरचा खेळ बनवत होती. त्या खेळातल्या घरांमधल्या खुर्च्या आणि टेबलं प्रीतम काढायचा.

“त्याच्यावर बसतं कोण?” लिंबाजींनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“कोणी बसत न्हाई बाबा. लोक नुसती विकत घेतेत.”

“मग बरं हाय. मोडली म्हणून कोणी भांडायला येत न्हाई.”

पगार मात्र रुपयात यायचा नाही. डॉलरच्या बरोबरीनं चालणारं एक नाणं यायचं, ते प्रीतमच्या मोबाईलमधल्या पाकिटात. हे नाणं वाजत नाही, घासत नाही, त्यावर कुणाचं तोंडही नसतं. ते एका एक्स्चेंजवर पाठवायचं, तिथं विकायचं, मग रुपये बँकेत. अकरा महिन्यांचा पगार प्रीतमनं तसाच साठवला होता. चार हजार एकशे ऐंशी नाणी, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. विष्णुपुरीच्या रस्त्याला सोनकांबळ्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, त्याच्या मागच्या खोलीवर पत्रे होते. पत्र्याच्या चारी कोपऱ्यांना कॉलम उभे होते आणि त्यांतून गजांची टोकं आभाळाकडं बघत गंजत होती. त्या गजांवर स्लॅब टाकायचा, असं प्रीतमनं आईला कबूल केलं होतं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. डब्याच्या खडखडाटानं लिंबाजींचे कान कधीच कामातून गेले होते, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे आणि आवाज पूर्ण. त्यांच्या घरातला फोन चार घरं सोडून राहणारी माणसं जास्त नीट ऐकायची.

“बाबा, एक इचारू का? पैसे पाठवायलोय एक्स्चेंजला. इथं पाच रस्ते दाखवून राहिलेत. नेहमीच्या रस्त्याला सहाशे रुपये मागायलेत. दुसरा एक हाय, तो आठ रुपयात नेतो म्हणायला.”

“पत्ता?”

“पत्ता एकच हाय. बेचाळीस अक्षरं.”

“एक बी अक्षर इकडंतिकडं न्हाई?”

“न्हाई. दोनदा बघितलं.”

“मग साध्या टपालानं जाऊ दे की. रजिस्टरचे पैसे कशाला घालतूस?”

“इथं लाल अक्षरात काहीतरी लिहिलंय बाबा. नेटवर्क जुळलं पाहिजे म्हणून.”

“लाल अक्षरात तर रेल्वेच्या साखळीखाली बी लिहिलेलं असतंय. पाठव.”

प्रीतम हसला. पाठवलं. पाचशे ब्याण्णव रुपये वाचले.

नाणी एक्स्चेंजवर दिसली नाहीत. संध्याकाळपर्यंत नाहीत, शुक्रवारी नाहीत. प्रीतमनं एक्स्चेंजच्या कंपनीकडं तक्रार नोंदवली, तिचा नंबर घेतला आणि शनिवारी घरी फोन केला. बापाला म्हणाला, “बाबा, अडकलंय. त्या एक्स्चेंजला तो रस्ता चालत न्हाई. पण निघंल. तुम्ही फिकर करू नका, मी नीट वाचलं न्हाई.” मग आईला मागून घेतलं आणि तिला म्हणाला, “आई, माझी चूक झाली गं. स्लॅब जरा लांबंल.”

सोमवारी त्याला ताप आला. बुधवारी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. गुरुवारी लिंबाजी आणि पंचशीलाबाई लातूरला पोचले. शनिवारी प्रीतम गेला.

इतकंच. सांगायला याहून जास्त वेळ लागला असता तर बरं झालं असतं, असं लिंबाजींना पुढं कितीदा तरी वाटलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. वंदना झाली, भन्तेजींनी चार शब्द सांगितले, बाया पंचशीलाबाईंना धरून बसल्या. लिंबाजींच्या खिशात प्रीतमचा मोबाईल होता. लातूरच्या खोलीतल्या मित्रानं, बसवंतनं, तो कसा उघडायचा ते दाखवून त्यांच्या हातात दिला होता. भन्तेजी अनित्यतेबद्दल बोलत असतानाच तो थरथरला. लिंबाजींनी हातरुमालाआड धरून बघितलं. मजकूर इंग्रजीत होता. चौतीस वर्षं इंग्रजी पत्ते वाचलेल्या माणसाला तो समजायला अडचण आली नाही:

“हाय प्रीतम! आजचा दिवस मस्त चालला असेल अशी आशा! तुझी तक्रार आम्हाला मिळाली आहे आणि आम्ही त्यावर आनंदानं काम करत आहोत. तुझी, सोफिया.”

लिंबाजींनी फोन परत खिशात ठेवला. त्याच वेळी त्यांची चुलत बहीण तारामती, जिला हळू आवाजात बोलण्याची विद्या कधी साधली नाही, बायांना सांगत होती, “ताप कशाचा बाई? पैशाच्या घोरानं घेतलं लेकराला. इतके पैसे बुडाल्यावर रक्तात काय ऱ्हातंय?”

डासाला पैशातलं कळत नाही, हे लिंबाजींना ठाऊक होतं. डॉक्टरनं तसं समजावूनही सांगितलं होतं. तरी त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात पाचशे ब्याण्णव हा आकडा जो बसला, तो उठेना. प्रीतमला तो रस्ता कोणी दाखवला, हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक आता भिंतीवर फोटोत होता. पंचशीलाबाईंना वाटत होतं की लेकरू चुकलं. लेकरू तसं स्वतःच सांगून गेलं होतं.

लिंबाजींनी ठरवलं: ते पैसे परत आणायचे. स्लॅब पडेल. मग बायकोला सांगता येईल, की बाई, रस्ता मी सांगितला होता, जरा उशीर झाला, पण पोचले. पैसे हातात असताना ही गोष्ट सांगणं वेगळं, आणि रिकाम्या हातानं सांगणं वेगळं.

त्याच संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं. “महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,” अशी त्याची सुरुवात होती; इंग्रजीत, पण सूर तोच. खाली सही म्हणून त्यांनी ‘प्रीतम’ लिहिलं. दुसऱ्याच्या नावानं पत्र लिहिण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. हात कापला, पण मोबाईलवर कापलेलं अक्षरही सरळच येतं.

सोफिया दर पाच-सहा दिवसांनी उत्तर द्यायची. कधी तिच्या जागी मार्को यायचा, कधी एंजेल. सगळे सारखेच आनंदी होते. लिंबाजींनी एक जुनी वही काढून प्रत्येक पत्राची आवक-जावक लिहायला सुरुवात केली. त्यांच्या टपाल खात्यात न पोचलेल्या पत्रावर शेरा मारायची पद्धत होती: ‘घर बंद’, ‘पत्ता सोडून गेले’, ‘घेण्यास नकार’. सोफियाच्या उत्तरांनाही ते तसेच शेरे मारत गेले. “आमचं तांत्रिक पथक तपासत आहे” याला ‘घर बंद’. “कृपया तुझा प्रश्न पुन्हा एकदा सविस्तर सांग” याला ‘पत्ता सोडून गेले’. ‘घेण्यास नकार’ अजून कुणाला मिळाला नव्हता, म्हणून त्यांना आशा होती.

मधे एक तज्ज्ञही भेटला. इंटरनेटवर लिंबाजींनी आपलं दुःख एके ठिकाणी मांडलं होतं, तिथं तो स्वतःहून आला. अडकलेली नाणी काढून देतो म्हणाला, हजारो लोकांची दिली आहेत म्हणाला, देवानं त्याला त्यासाठीच जन्माला घातलं आहे असंही म्हणाला. फी नऊ हजार, आगाऊ. लिंबाजींनी पेन्शनमधून भरली. तज्ज्ञानं मग आणखी सतरा हजारांचं एक कुलूप निघाल्याचं कळवलं. लिंबाजींनी विचारलं, कुलूप कोणत्या बाजूला आहे. त्यानंतर तज्ज्ञाचं उत्तर आलं नाही. वहीत ती रक्कम ‘इतर टपाल खर्च’ या सदराखाली गेली.

पैसे मात्र दिसत होते, हीच त्यातली गंमत. बसवंतनं मोबाईलवर एक पान काढून दिलं होतं, तिथं प्रीतमनं पाठवलेली नोंद जगातल्या कुणालाही बघता यायची. तारीख, वेळ, चार हजार एकशे ऐंशी, बेचाळीस अक्षरांचा पत्ता. आणि शेजारी हिरव्या अक्षरांत: यशस्वी. रोज सकाळी चहाच्या आधी लिंबाजी ते पान उघडायचे. नाणी तिथंच असायची. कुणी हलवलेली नसायची.

“काय बघून राहिलात रोज?” पंचशीलाबाईंनी एकदा विचारलं.

“त्याचे पैसे. हायत अजून.”

“असू द्या,” त्या म्हणाल्या आणि कप उचलून गेल्या.

नोव्हेंबरात सोफियाचं पत्र आलं, आणि त्यात पहिल्यांदाच काहीतरी ठोस होतं. हे प्रकरण पुढं नेता येण्यासारखं आहे. त्यासाठी खातेदारानं ओळखपत्र हातात धरून, आपलं नाव आणि आजची तारीख मोठ्यानं म्हणून, एक व्हिडिओ पाठवावा. चेहरा स्पष्ट दिसावा. मुदत सात दिवस. त्यानंतर तक्रार आपोआप बंद होईल.

लिंबाजींनी पंचशीलाबाईंना सांगितलं, प्रीतमचं राहिलेलं सामान आणतो, आणि सकाळची लातूर गाडी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चार तासांत त्यांनी ते पत्र अकरा वेळा वाचलं.

प्रीतमच्या खोलीत बसवंत एकटाच राहत होता. उदगीरकडचा पोरगा, एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. प्रीतमच्या कॉटवर त्यानं काही ठेवलं नव्हतं. खिडकीपाशी प्रीतमची कामाची खुर्ची होती. खेळासाठी सातशे खुर्च्या काढलेल्या पोराची स्वतःची खुर्ची प्लास्टिकची होती, आणि तिच्या एका पायाला सुतळी बांधलेली होती. लिंबाजी तिच्यावर न बसता कॉटवर बसले.

“मला एकदा नीट समजून सांग बाबा,” ते म्हणाले. “पत्ता बरोबर होता का न्हाई?”

“होता काका.”

“मग?”

बसवंतनं डोकं खाजवलं. गणिताचा मास्तर होता, उदाहरण शोधत होता. “काका, आपलं उमरी हाय का न्हाई?”

“कोणतं? महाराष्ट्रात मला नऊ उमऱ्या माहीत हायत.”

“बास, तेच! समजा दोन उमऱ्या हायत. दोन्हीकडं तीच गल्ली, तोच घर नंबर, दारावर त्याच माणसाचं नाव. एक्स्चेंजवाला ऱ्हातो ह्या उमरीत. प्रीतमनं टाकलं त्या उमरीच्या गाडीत. पार्सल गेलं, त्या दारात पडलं. दार बी त्याचंच, कुलूप बी त्याचंच, किल्ली बी त्याच्याच खिशात. पण तो म्हणतो, मी तिकडच्या उमरीला जात नसतो.”

“का जात न्हाई?”

“जायला माणूस लावावा लागतो, काका. आपल्या साडेतीन लाखासाठी कोण लावतंय? त्याच्या मनावर हाय.”

चौतीस वर्षांत त्यांनी चुकीच्या उमरीला गेलेल्या पिशव्या शेकड्यानं परत फिरवल्या होत्या. त्यासाठी कुणाच्या मनाचा प्रश्न कधी आला नव्हता. पिशवीवर शेरा मारायचा आणि उलट्या गाडीत टाकायची.

“तिथं उलटी गाडीच न्हाई म्हण,” ते म्हणाले.

“न्हाई काका.”

मग त्यांनी व्हिडिओचं पत्र दाखवलं. बसवंतनं वाचलं. फोन खाली ठेवला, परत उचलला.

“काका, राग येऊ देऊ नका. आजकाल फोटोवरून व्हिडिओ बनतो. मान हलवतो, पापण्या मिटतो, आवाज बी त्याचाच घालता येतो. माझ्याकडं त्याचे लई व्हॉइस मेसेज हायत. बिलकुल जिता वाटतो.”

लिंबाजी कॉटवरची चादर सरळ करत राहिले. बसवंतनं त्याला हो समजलं. वीस मिनिटं तो लॅपटॉपपाशी बसला. खाली रस्त्यावर क्लास सुटला होता, पोरांचा कालवा वर येत होता. मग त्यानं पडदा लिंबाजींकडं वळवला.

प्रीतम होता. निळा चेक्सचा शर्ट, जो अजून दाराच्या खिळ्याला लटकत होता. हातात आधार कार्ड. त्यानं समोर बघितलं, पापण्या मिटल्या, आणि म्हणाला, “माझं नाव प्रीतम लिंबाजी सोनकांबळे. आज चौदा नोव्हेंबर.”

त्या दिवशी खरंच चौदा नोव्हेंबर होता.

लिंबाजींनी तो तीनदा बघितला. तिसऱ्यांदा बघताना त्यांचा हात पडद्याकडं गेला आणि मधेच थांबला.

“बसवंत, ह्याला आणखी काही म्हणायला लावता येतं का?”

“काय म्हणवायचं, काका?”

लिंबाजींच्या ओठांवर आलं होतं. सगळं मिळून चार शब्द होते. बाबा, तुमची चूक न्हाई.

“काही बी सांगा,” बसवंत उत्साहानं म्हणाला. “तुम्ही सांगाल ते म्हणतो तो.”

लिंबाजींनी पडद्याकडं पाहिलं. प्रीतम शेवटच्या अक्षरावर थबकून, आज्ञेची वाट बघत उभा होता. बापानं सांगितलं ते जसंच्या तसं ऐकणारा एक मुलगा त्यांना होता. लाल अक्षरं समोर दिसत असतानाही त्यानं ऐकलं होतं.

“पुसून टाक,” ते म्हणाले.

“काका, साडेतीन लाख—”

“पुसून टाक म्हणतो न्हवं. आणि ह्याची नक्कल कुठं ठेवू नको. त्याच्या आईला कधी दाखवू नको.”

बसवंतनं पुसलं. स्टँडवर सोडायला आला, पिशव्या वर ठेवल्या, शर्ट आणि चादरीचं गाठोडं लिंबाजींच्या मांडीवर दिलं. खुर्ची राहू दे, लिंबाजी म्हणाले. “तूच बस तिच्यावर. पण सुतळी बदल.”

गाडी सुटायला अवकाश होता. लिंबाजींनी प्रीतमचा फोन काढला. टपाल खात्यात आणखी एक शेरा असायचा, तो लाल शाईनं मारायचा. पोस्टमन मारून आणायचा आणि डब्यात ते पाकीट उलट्या दिशेच्या खणात टाकायचं, एवढंच लिंबाजींचं काम. असली पाकिटं त्यांच्या हातून हजारांनी गेली असतील. शेरा स्वतः लिहायची वेळ कधी आली नव्हती. दोन महिने ते आवक-जावक वाढवत होते, ती हा एक शब्द लिहावा लागू नये म्हणूनच, हे त्यांना लातूरच्या स्टँडवर, शेजारी एक बाई कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडत असताना कळलं.

त्यांनी लिहिलं: “खातेदार मयत. तारीख वीस सप्टेंबर. हे आणि यापूर्वीची सर्व पत्रं वडिलांनी लिहिली आहेत. क्षमा असावी.”

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. “हाय प्रीतम! हे वाचून आम्हाला अतिशय वाईट वाटलं. या कठीण काळात आम्ही तुझ्यासोबत आहोत.” पुढं कागदांची यादी होती: मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, आणि सगळ्यांची इंग्रजी प्रत, शिक्क्यासह.

या कागदांसाठी गाठलेला वकील म्हणाला, लग्न न झालेल्या मुलाची वारस आई. बाप पुढच्या रांगेत. आई असेपर्यंत त्याचा नंबर लागत नाही. लिंबाजींनी मान डोलावली. त्यांना हे न्यायाचंच वाटलं. पण आता प्रत्येक कागदावर पंचशीलाबाईंची सही लागणार होती. त्यांनी कागद पुढं केले की त्या हात पुसून यायच्या, बोट ठेवलेल्या जागी सही करायच्या आणि परत कामाला जायच्या. कशासाठी, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. लिंबाजींनी मनात तयार ठेवलेलं उत्तर त्यामुळं तसंच पडून राहिलं.

कोर्टातून दाखला यायला मार्च उजाडला. शिक्के मारून, तर्जुमा करून, सगळं पाठवलं. नाणी रोज सकाळी हिरव्या अक्षरांशेजारी तशीच होती. गजांची टोकं आणखी थोडी गंजली. लिंबाजी वाट बघत राहिले. वाट बघण्याचं त्यांना वावडं नव्हतं. मानपत्राला तीन आठवडे लागले होते.

मेमधल्या एका सकाळी, साडेनऊला, ते आलं.

ते सोफियाचंही नव्हतं आणि मार्कोचंही. खाली कुणाचंच नाव नव्हतं. अर्जदाराचे कागद योग्य आहेत. रक्कम कंपनीच्या पत्त्यावर पोचलेली आहे, याची खात्री झाली आहे. मात्र या नेटवर्कवरून रक्कम काढून देण्याची सेवा कंपनी देत नाही, आणि ती सुरू करण्याचा विचार नाही. रक्कम त्या पत्त्यावर सुरक्षित आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.

लिंबाजींनी ते दोनदा वाचलं. मग वही उघडली, तारीख घातली, शेऱ्याच्या रकान्यापाशी आले आणि पेन धरून बसले. ‘घेण्यास नकार’ लिहावं, तर पोचल्याचं तर ते कबूल करत होते. पोचलं होतं. पत्त्यावर पोचलं होतं. चौतीस वर्षं ते जे सांगत आले, ते अक्षर न् अक्षर खरं ठरलं होतं. रकाना त्यांनी कोरा ठेवला.

बाहेर दारात कुणीतरी काहीतरी आदळल्यासारखा आवाज झाला. लिंबाजींनी तिकडं बघितलं नाही. ते उठून स्वयंपाकघरात गेले. पंचशीलाबाई विझलेल्या शेगडीपुढं मेथी निवडत बसल्या होत्या.

“पंचशीला, ते पैसे आता येत न्हाईत.”

“बरं.”

“न्हाईच येत. शेवटचं पत्र आलं.”

“ऐकलं की.”

लिंबाजी चौकटीला धरून उभे राहिले. “अजून एक हाय. त्या रस्त्यानं पाठव म्हणून त्याला मीच सांगितलं होतं. तो इचारत होता. लाल अक्षरं हायत म्हणत होता. मी म्हणलं, पाठव. पाचशे ब्याण्णव रुपयांसाठी.”

पंचशीलाबाईंनी एक काडी बाजूला टाकली.

“ठावं हाय मला.”

“कसं?”

“तुमचा फोन गल्लीला ऐकू येतो. मी काय गल्लीच्या बाहेर ऱ्हाते? हितंच शेंगा फोडत होते.”

आठ महिने. कोर्टातल्या सह्या, रोजचं हिरवं पान, तारामतीची बडबड. “मग... एक अक्षर बोलली न्हाईस.”

“काय बोलू?” त्या मेथीकडंच बघत होत्या. “त्यानं मला मागून घेतलं आन् सांगितलं, आई माझी चूक झाली. त्याच्यानंतर नीट शुद्धीत माझ्याशी तो बोललाच न्हाई. लेकराचं शेवटचं बोलणं मी खोटं पाडू?”

भिंतीपलीकडं कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. लिंबाजी खाली बसले. बसताना गुडघ्यांचा आवाज आला. पंचशीलाबाईंनी निवडलेली मेथी ताटात ओढली, मोडलेल्या काड्या गोळा करून मुठीत धरल्या, आणि एकदाच त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. लिंबाजींनी मान वर केली.

“त्याचा फोन हाय न्हवं खिशात?” त्या म्हणाल्या. “गॅसवाला कवाचा टाकी घेऊन दारात उभा हाय. गॅसला मोबाईल नंबर अजून त्याचाच हाय. चार आकडे आले असतील, तेवढे वाचून सांगा.”